एक नंबर उतरताना आवाज करते

लिफ्ट बंद पडली की सगळी बिल्डिंग खाली उभी राहून वैतागते आणि एकच माणूस जिना चढतो. तो म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. कारण लिफ्टचं मशीन असतं सगळ्यात वर, गच्चीला लागून, आणि तिथे जायला लिफ्ट नसते, कारण लिफ्ट बंद असते. इतकं साधं गणित आपल्या डोक्यात कधी शिरत नाही. या गोष्टीतल्या गृहस्थांच्या मात्र ते थेट गुडघ्यात शिरलं होतं.

त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून अडतीस वर्षांत त्यांचे शहरातले यच्चयावत जिने चढून झाले होते. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. निरोपसमारंभात कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, ते चौथ्या मजल्यावर, आणि त्या दिवशीही लिफ्ट बंदच होती. डावा गुडघा तेव्हापासून बोलायला लागला. उजव्याने दोन महिने वाट पाहिली आणि मग त्यानेही तोंड उघडलं.

अशा माणसाला एकशे चाळीस किलोमीटर चालायला कोण बोलावणार? पोटची पोर. दुसऱ्या कुणाची छाती नाही.

पोरीला घरात ठकू म्हणत. वय चौतीस. बस कंपनीत वेळापत्रकं बनवायची. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येणार हे ती ठरवायची, आणि बस उशिरा आली तर तिला तो घरचा अपमान वाटायचा. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या देशातल्या मोठ्या बस कंपनीत निघाली होती. विमानाने अकरा तास, आणि निदान तीन वर्षं. जायच्या आधी एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आठ दिवस चालाल माझ्याबरोबर? डोंगरातून समुद्रापर्यंत एक पायवाट आहे, दीपगृहापाशी संपते. फक्त आपण दोघं."

लिफ्टवाल्यांनी हो म्हटलं ते तिचं वाक्य संपायच्या आत.

"गुडघ्यांना विचारलंत का?" ठकूची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, पण तेही हळू आवाजात, कारण नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता.

त्या चेहऱ्यामागे एक जुनं दुखणं होतं, आणि ते गुडघ्यांहून जुनं होतं. ठकू लहान असताना रविवारचा तातडीचा फोन लिफ्टवाल्यांकडे असायचा. लिफ्ट अडकायच्या त्या नेमक्या रविवारी. प्राणिसंग्रहालयात माकडांपर्यंत पोचले, फोन आला, जिराफ राहिला. जादूच्या प्रयोगात बाईला पेटीत घातली, फोन आला, ती बाई बाहेर आली की नाही हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं. ठकूच्या सातव्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझल्या, सुरी हातात घेतली आणि फोन. दर वेळी ठकू एकच वाक्य बोलायची, "जा बाबा, मी थांबते." रडायची नाही, पाय आपटायची नाही. तिने पाय आपटले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

तर एवढंच होतं त्यांचं म्हणणं. एकदा, एकच गोष्ट, पोरीबरोबर शेवटपर्यंत. जिराफासकट.

निघायच्या आदल्या दिवशी ठकूने छापील कागद आणला. त्यावर रोजची निघायची वेळ, पोचायची वेळ, मधल्या थांब्यांची मिनिटं, आणि खाली ठळक अक्षरात नियम. आठ दिवस फक्त पायांनी. बस नाही, गाडी नाही, मुक्कामाला लिफ्टसुद्धा नाही. आणि ज्याचा गुडघा दुखेल त्याने त्याच दिवशी सांगायचं आणि तिथून घरी जायचं.

"आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी दुखरा गुडघा तसाच दामटला," ती म्हणाली. "शेवटी ऑपरेशन झालं. मला चालणार नाही. प्रत्येक मुक्कामाच्या गावातून बस आहे, मी बघून ठेवल्यात. पहिल्या गावाहून चार दहाची आहे."

"मला कशाला बस?" लिफ्टवाले म्हणाले आणि बसल्या जागी डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला, म्हणजे तो मध्ये बोलायला नको.

ठकूच्या आईचं कपडे कमी-जास्त करून द्यायचं दुकान होतं. तिने त्या रात्रीत नवऱ्याच्या दोन्ही पँटींना आतून गुडघ्यापाशी जाड इलॅस्टिकचे पट्टे शिवून दिले. वरून पाहिलं तर पँट, आतून दवाखाना. "रोज मुक्कामाला पोचलात की बर्फ लावा," ती कानाशी म्हणाली. "पंधरा मिनिटं. बर्फ नसला तर गोठवलेल्या मटारची पिशवी मागा, ती गुडघ्यावर छान बसते. आणि खरं सांगायचं झालं तर खरं सांगून टाका."

शेवटचा सल्ला लिफ्टवाल्यांनी सोयीस्करपणे ऐकला नाही.

सोमवारी सकाळी चालायला सुरुवात झाली. चढाला काही त्रास नव्हता. चढ म्हणजे जिना, आणि जिना त्यांच्या अंगवळणी पडलेला. पण चढलेलं सगळं उतरावं लागतं, आणि उतार आला की डाव्या गुडघ्यातून कट्-कट् असा आवाज यायचा. तो लपवायला ते मोठ्याने शीळ घालायचे. उतार जितका मोठा तितकं गाणं मोठं, असा हिशेब होता.

थांबायला निमित्त हवं म्हणून त्यांनी आधी बुटाच्या नाड्या पुढे केल्या. दुपारपर्यंत नऊ वेळा नाड्या बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नाडी बांधायला वाकावं लागतं आणि वाकायला गुडघा लागतो. असं भलतंच निमित्त शोधणाऱ्या स्वतःच्या अकलेची त्यांना कीव आली. मग ते पक्ष्यांवर आले. "अरे वा, तो बघ," म्हणून काठी टेकून वर बघत उभं राहायचं. पक्ष्यांमधले त्यांना दोनच प्रकार ओळखता येत, कावळा आणि कावळा नसलेला. पण नवल म्हणजे ठकूलाही पक्षी आवडायला लागले. ती त्यांच्याहून जास्त वेळ बघत उभी राहायची, झाड रिकामं असलं तरी.

तिसऱ्या दिवशी मोठा उतार आला, सरळ दरीत. लिफ्टवाल्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की उतार उलटं चालून उतरला की गुडघ्यावर भार कमी येतो. ते गर्रकन वळले आणि पाठीमागे पाऊल टाकत उतरू लागले.

"बाबा, हे काय?"

"मागचा देखावा सोडून कसं चालेल? आत्ताच तर चढून आलोय तो डोंगर."

"खरंच की," ठकू म्हणाली, आणि तीही वळली.

असे बाप-लेक उलटे, डोंगराला तोंड करून, दरीत उतरत होते. खालून एक जाडसर माणूस चढत होता. त्याला दिसल्या दोन पाठी. त्याला वाटलं हेही आपल्यासारखेच वर चाललेत. तो खाली मान घालून चालत राहिला आणि आपण इतक्या झटपट यांना कसं गाठतोय याचा त्याला मनातून अभिमान वाटायला लागला. तो अभिमान लिफ्टवाल्यांच्या पाठपिशवीवर आपटेपर्यंत टिकला. तिघांनी एकमेकांची माफी मागितली आणि तो बिचारा पुढे बराच वेळ वळून वळून बघत होता.

उलटं जमेना तिथे ठकू वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालायची. लिफ्टवाल्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, "रुंदी बघतेय. इथून बस जाईल का."

ती वाट दोन शेळ्यांना शेजारून जाता येणार नाही एवढी होती. पण पोरीला कामाचं वेड आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. स्वतःचं गुपित सांभाळणाऱ्याला दुसऱ्याचं दिसत नाही ते असं.

आता मूळ घोटाळ्याकडे येऊ. अडतीस वर्षांची सवय म्हणून लिफ्टवाले खिशात एक छोटी वही ठेवत. दिवसभरात कुठली लिफ्ट पाहिली, काय बिघाड, काय केलं, हे लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. या आठ दिवसांत लिफ्ट नव्हती, पण बिघाड होताच. तेव्हा त्यांनी डाव्या गुडघ्याला एक नंबर म्हटलं आणि उजव्याला दोन नंबर, आणि नोंदी सुरू केल्या. यदाकदाचित वही ठकूच्या हाती पडली तरी तिला जुन्या कामाचं काहीतरी वाटेल, हा त्यांचा डाव. हा डाव इतका बेमालूम साधला की त्यानेच त्यांचा घात केला.

चौथ्या दिवशी सकाळी ठकू नकाशा शोधत होती. तिला बाबांच्या जाकिटात वही सापडली. तिने उघडली आणि वाचलं.

"सोमवार. एक नंबर उतरताना आवाज करते. तेल लावले, फरक नाही."

"मंगळवार. दोन नंबर सकाळी सुरू व्हायलाच वेळ घेते. हलवून हलवून चालू केली."

"बुधवार. एक नंबर अर्ध्यात अडकली. जोर लावून सोडवली. धोका आहे, पण कुणाला कळू द्यायचे नाही. कशीही करून सोमवारपर्यंत चालवायची."

तिने वही जागच्या जागी ठेवली. त्या दिवसापासून पक्षी बंद झाले. ती पुढे चालायची, बाबा मागे, आणि मध्ये शंभर पावलं. बोलणं म्हणजे "पाणी हवं?" आणि "नको." लिफ्टवाल्यांना कळेना की आपलं काय चुकलं. त्यांनी शिळेचं गाणं बदलून पाहिलं. फरक पडला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी तिला एक खरोखरचा, कावळा नसलेला, निळा पक्षी दाखवला. ती न बघताच "छान" म्हणाली. त्या रात्री वहीत त्यांनी गुडघ्यांचं काहीच लिहिलं नाही. नुसता वार लिहिला आणि वही मिटली.

सातवा दिवस रविवार. दुपारी साडेचारला दोघं शेवटच्या मुक्कामाला पोचली. बंदराजवळचं पाच मजल्यांचं जुनं हॉटेल, खोल्या चौथ्या मजल्यावर. दाराशी लिफ्ट होती, लाकडी चौकटीची, वर पितळी आकडे. लिफ्टवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की हॉटेलच्या मॅनेजरने मान वळवली. त्यांनी डोळ्यांनीच जिना मोजला. मजल्याला बावीस पायऱ्या, चार मजले, अठ्ठ्याऐंशी. एक नंबरने पँटच्या आत कट् केलं.

"मी पाण्याची बाटली भरून येते," ठकू म्हणाली आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराकडे गेली. परत आली तेव्हा तिचं जाकीट गळ्यापर्यंत बंद होतं. "चला. जिना."

"तू हो पुढे. मला एक फोन करायचाय."

फोन हा शब्द ऐकल्यावर ठकूचा चेहरा कुलूप लावल्यासारखा झाला. "करा," ती म्हणाली आणि ताठ मानेने जिना चढू लागली.

ती दिसेनाशी झाली तसे लिफ्टवाले स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "गोठवलेले मटार मिळतील का हो? एक पिशवी. शिजवू नका, तशीच द्या."

आचाऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय चाललंय आज? मटार आत्ताच एक बाई घेऊन गेल्या. मक्याचे दाणे आहेत."

मका तर मका. थंडगार पिशवी काखेत मारून लिफ्टवाले चोरपावलांनी बाहेर आले. मॅनेजर फोनवर होता. नियम मोडायचा नाही असं त्यांनी मनाशी दोनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ते लिफ्टच्या आत होते. आयुष्यात पहिल्यांदा, हातात हत्यारांची पिशवी नसताना. त्यांनी चार नंबरचं बटण दाबलं.

लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. दारात ठकू उभी होती, एक पाय उचललेला, गुडघ्याला मटारची पिशवी धरलेली. शोभेपुरता एक मजला चढून तिचं बळ संपलं होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठकूला परत जायला तोंड नव्हतं आणि पाय तर त्याहून नव्हते. ती आत आली. दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली, दुसरा मजला गेला, एक गचका बसला, आणि लिफ्ट थांबली.

"तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट. दार बंद असूनही लिफ्टला ते उघडं वाटतंय," लिफ्टवाले ताबडतोब म्हणाले. डॉक्टरला शिंक ऐकून वाटावं तसं त्यांना जरा बरंच वाटलं.

"तुम्हाला आनंद झालाय?"

"नाही, नाही. नुसतं सांगितलं."

त्यांनी घंटेचं बटण दाबलं. छतातल्या जाळीतून मॅनेजरचा आवाज आला, "शांत राहा. उड्या मारू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय, चाळीस मिनिटं लागतील."

हेच वाक्य लिफ्टवाल्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आतून ऐकायला ते अगदी वेगळं लागत होतं. "चाळीस मिनिटं म्हणजे तासभर," ते म्हणाले. "बसून घेऊ."

बसणं हा मोठाच कार्यक्रम झाला. बाप या भिंतीला आणि लेक त्या भिंतीला पाठ लावून इंच इंच घसरत खाली आले, आणि टेकताना दोघांच्या तोंडून एकाच सुरात "आई गं" निघालं.

"तुमच्या काखेत काय आहे?" ठकूने विचारलं.

"मक्याचे दाणे."

"कशाला?"

"खायला."

"गोठलेले?"

लिफ्टवाल्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत सरकवली. मग ठकूच्याच तोंडून गेले चार दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "बाबा, मला एकच सांगा. ती एक नंबर कुठल्या बिल्डिंगची आहे?"

"कुठली एक नंबर?"

"मी वही वाचलीय. चुकून वाचली, पण वाचलीय. निवृत्त झालात तरी चोरून कुणाची तरी लिफ्ट सांभाळताय. तीही धोक्याची! 'कुणाला कळू द्यायचे नाही.' अहो, माणसं जातात त्यातून! मला तीन रात्री झोप नाही. आणि माझ्याबरोबर चालताना, डोंगरात, पक्षी बघताना, तुमच्या डोक्यात लिफ्ट! आता रविवारीसुद्धा फोन!" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, या वेळी तरी नाही."

लिफ्टवाल्यांनी पँटचा डावा पाय वर ओढला. आत इलॅस्टिकचा पट्टा, त्याच्यावर हिरव्या दोऱ्याची आईची टीप, आणि पट्ट्याच्या वर-खाली फुगून आलेला गुडघा.

"ही एक नंबर," ते म्हणाले. मग त्यांनी उजवा पाय ओढला. "आणि ही दोन."

ठकू त्या दोन गुडघ्यांकडे बघत राहिली. "'तेल लावले, फरक नाही'," ती पुटपुटली. "'हलवून हलवून चालू केली'." आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मटारची पिशवी पोटाशी धरून ती हसत होती आणि डोळे पुसत होती. लिफ्टवाल्यांना आधी राग आला, मग तेही हसायला लागले. वरून मॅनेजर ओरडला, "उड्या मारू नका सांगितलं ना!"

"सांगायचं नाही का बाबा?"

"चार दहाची बस होती तुझी."

"अहो, पण—"

"मला जिराफ बघायचा होता," लिफ्टवाले म्हणाले. बोलताना त्यांनी मक्याची पिशवी उगाच सरळ केली. "तुझ्या लहानपणी मी कशातच शेवटपर्यंत थांबलो नाही. तो केकसुद्धा. आता तू चाललीस. म्हटलं, गुडघे गेले तर गेले, एकदा शेवटपर्यंत थांबायचं."

ठकूने मटारची पिशवी उचलली. मग ती सरकत सरकत त्यांच्या भिंतीला आली. "माझा उजवा पहिल्या दिवसापासून दुखतोय. नियम मीच केला होता. स्वतःच्याच बसने घरी जायची पाळी आली असती." जरा थांबून ती म्हणाली, "लहान असताना ना, मला या अडकणाऱ्या माणसांचा फार राग यायचा. वाटायचं मुद्दाम अडकतात. रविवार बघून."

"आज रविवारच आहे," लिफ्टवाले म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी धापा टाकत वर गेलं. लिफ्टवाल्यांनी कान टवकारले. "आला. दमलाय. उजव्या पायावर भार देतोय." मग वरून लोखंडी दार वाजलं. "मशीन रूममध्ये शिरला. आता हाताने चाक फिरवेल." आणि लिफ्ट खरोखरच मुंगीच्या पावलांनी खाली आली, दुसऱ्या मजल्याशी टेकली. थोड्या वेळाने दार उघडलं.

समोर पस्तिशीचा एक कारागीर उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केस ओले, पायात रबरी चपला, आणि कपाळावर पोहण्याचा चष्मा. तो चष्मा तिथे आहे हे तो साफ विसरला होता.

"पोहत होतात?" ठकूने विचारलं.

त्याने कपाळाला हात लावला आणि लाजला. "मुलीला शिकवतोय. सहा वर्षांची आहे. आज पहिल्यांदा हात सोडणार होतो तिचा." तो घाईने कामाला लागला. "असू दे. तिची आई आहे तिथे. माफ करा हं, तुमचा खोळंबा झाला. बिघाड काय ते आता बघतो."

"तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट," लिफ्टवाल्यांच्या तोंडून निसटलं.

कारागिराचे डोळे चमकले. "साहेब, तुम्ही आपल्यातले? मग काय! माझा जोडीदार रजेवर आहे. एकट्याला वर-खाली करत दीड तास जाईल. तुम्ही वर मशीन रूममध्ये थांबलात तर वीस मिनिटांत होईल. चढायचे चारच मजले आहेत."

मॅनेजरही तोपर्यंत वर आला होता. "वा, बरं झालं! पाचव्या मजल्यावरचे पाहुणे ओरडतायत."

खरं सांगायचं तर लिफ्टवाल्यांचा हात कारागिराच्या पिशवीकडे गेलाही होता. अडतीस वर्षांची खोड ती. एकही लिफ्ट रात्रभर बंद ठेवून ते कधी घरी गेले नव्हते. त्यांचा हात पुढे गेलेला ठकूने पाहिला, आणि चौतीस वर्षांच्या त्या बाईच्या तोंडून सात वर्षांच्या पोरीचं वाक्य आलं.

"जा बाबा, मी थांबते."

लिफ्टवाल्यांनी हात मागे घेतला.

"जमायचं नाही," ते कारागिराला म्हणाले. "माझा गुडघा दुखतोय."

हे वाक्य त्यांनी सात दिवस जिवापाड लपवलं होतं, आणि ते इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हणून ते त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं. "दोन्ही दुखतायत. खूप दुखतायत. आणि तूसुद्धा आज करू नकोस. पाटी लाव आणि जा. सकाळी ये."

"पण असं बंद ठेवून—"

"तलाव किती वाजता बंद होतो?"

"सातला."

"मग बघतोस काय? हात सोडायचाय ना तिचा? जा."

कारागिराने एकदा लिफ्टकडे बघितलं, एकदा ठकूकडे. मग त्याने 'लिफ्ट बंद आहे'ची पाटी कडीला अडकवली आणि दोन-दोन पायऱ्या सोडत खाली पळाला, चष्मा कपाळावरच.

"आणि माझे पाहुणे?" मॅनेजर कळवळला.

"जिना आहे की," लिफ्टवाले म्हणाले. "चढतील."

मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही पाहुणेच आहोत, आणि आपल्या खोल्या चौथ्या मजल्यावर आहेत.

चव्वेचाळीस पायऱ्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एका बाजूने कठडा आणि दुसऱ्या बाजूने एकमेकांना धरून, बाप-लेक निघाले. पाचव्या मजल्यावरची एक आजी त्यांना मागे टाकून वर गेली आणि जाता जाता "सावकाश हं" म्हणून गेली. तिसऱ्या मजल्यावर दोघं पायरीवर बसले. ठकूने एका गुडघ्यावर मटार ठेवले, लिफ्टवाल्यांनी मका डाव्यावर पाच मिनिटं आणि उजव्यावर पाच मिनिटं असा वाटून दिला. ठकूने खिशातून छापील कागद काढला.

"उद्या एकोणीस किलोमीटर," ती म्हणाली. "सपाट आहे, उतार संपले. दर अर्ध्या तासाला बसायचं. आवाज वाढला तर सांगायचं, लपवायचं नाही. आणि बसने जायचं झालंच तर दोघांनी, एकाच बसने."

तिने पेन घेतलं आणि सोमवारच्या रांगेतली पोचायची वेळ खोडली. लिफ्टवाले वाट बघत होते की आता ती कुठली नवी वेळ लिहिते. तिने काहीच लिहिलं नाही. तो चौकोन तसाच रिकामा ठेवून तिने कागदाची घडी केली.

"वही आणा इकडे," ती म्हणाली. "माझी उजवी तीन नंबर लिहा."

लिफ्टवाल्यांनी वही गुडघ्यावर टेकवली, बर्फाने पान जरा ओलं झालं, आणि त्यांनी नेहमीच्या ठसठशीत अक्षरात नोंद केली.

"रविवार. एक, दोन आणि तीन नंबर, तिन्ही बंद. तक्रार नोंदवली. माणूस बोलावला नाही."